कै. विजय मर्चंट : पावसाळी लीगचे जनक

धर्मग्रामाचा महोत्सव आला म्हणजे मन सहजच मागें वळतें. पहिलें मंदिर कोणीं उभारिलें, शाळेचा पाया कोणीं घातला, कोणत्या धर्मगुरूंनीं किती वर्षें सेवा केली, यांची नोंद महोत्सवाच्या पुस्तिकेंत होते व तशी ती व्हावयासही पाहिजे. परंतु धर्मग्रामाचें जीवन मंदिराच्या चार भिंतींत मावत नाहीं. रविवारची मिस्सा आटोपल्यावर बॅट व स्टंप खांद्यावर टाकून मैदानाकडे निघणारीं मुलें हींही त्या जीवनाचाच एक भाग होत. तीं मुलें खेळतात हें सर्वांस दिसतें. त्यांच्या खेळाची व्यवस्था कोणी तरी लावीत असतो, हें मात्र क्वचितच कोणाच्या ध्यानांत येतें. सामन्यांचे दिवस ठरविणें, मैदान मिळविणें, पंच आणणें, वर्गणी गोळा करणें, तक्रारी ऐकणें, हीं सर्व कामें बिनपगारी असतात आणि त्यांत मानापेक्षां बोलणींच अधिक पदरांत पडतात.

अशा कामाचें मोल ज्यांनीं ओळखिलें, त्या एका थोर खेळाडूचें चरित्र आम्ही येथें वाचकांस सादर करीत आहों. कै. विजय मर्चंट हे आपल्या धर्माचे नव्हते, आपल्या भाषेचेही नव्हते. फलंदाज म्हणून त्यांची कीर्ति जिकडे तिकडे पसरली व ती सर्वांस ठाऊक आहे. परंतु मुंबईच्या लहानमोठ्या क्लबांसाठीं त्यांनीं जी एक गोष्ट सुचविली, ती त्यांच्या सर्व शतकांहून अधिक लोकांच्या व अधिक काळ उपयोगी पडली, असें आमचें मत आहे.

विजय मर्चंट यांचा जन्म १२ ऑक्टोबर १९११ रोजीं मुंबईंत एका सधन गुजराती कुटुंबांत झाला. घराण्याचें खरें आडनांव ठाकरसी. कापडगिरण्यांच्या व्यवसायांत हें घराणें अग्रेसर होतें. शाळेंत दाखल होतांना बाईंनीं मुलास नांव व वडिलांचा धंदा विचारला. धंद्याचें उत्तर आडनांवाच्या जागीं लिहिलें गेलें, आणि ठाकरसींचा मुलगा जन्मभर मर्चंट म्हणून ओळखला गेला, अशी हकीकत सांगतात. पुढें सिडनहॅम कॉलेजांत शिकत असतां त्यांच्या खेळाकडे जाणत्यांचें लक्ष वेधलें आणि हिंदु जिमखान्याच्या संघांत त्यांचा प्रवेश झाला. घरीं लक्ष्मी नांदत असूनही हा तरुण सरावाच्या बाबतींत एखाद्या मजुरासारखा राबे. चेंडू शेवटपर्यंत पाहावयाचा, पाय जागेवर न्यावयाचे, आणि घाई म्हणून करावयाची नाहीं, ही त्यांच्या फलंदाजीची रीत. यष्टीरक्षकाच्या हातांत चेंडू जाणार असें वाटत असतां शेवटच्या क्षणीं तो हलकेच कापून सीमेकडे धाडण्याचें त्यांचें कसब पाहावयास लोक मुद्दाम येत.

त्यांची उमेद ज्या काळांत घडली, त्या काळीं मुंबईचें मोठें क्रिकेट धर्मावर विभागलेलें होतें, हें आजच्या तरुण वाचकांस सांगणें अवश्य आहे. युरोपियन, पारशी व हिंदु यांचे तिरंगी सामने १९०७ सालीं सुरू झाले. १९१२ सालीं मुसलमानांचा संघ येऊन ते चौरंगी झाले. आणि १९३७ पासून ‘दि रेस्ट’, म्हणजे उरलेल्यांचा संघ, येऊन ते पंचरंगी झाले. हिंदी ख्रिस्ती लोकांस मुंबईच्या या मोठ्या सामन्यांत जागा मिळाली ती या उरलेल्यांत. एकाच धर्माच्या संघांतही सर्वांस सारखें स्थान होतें असें नाहीं. पालवणकर बाळू हे आपल्या काळचे श्रेष्ठ गोलंदाज; १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत त्यांनीं शंभराहून अधिक बळी घेतले; तरीही अस्पृश्य मानलेल्या जातींत जन्म झाल्यामुळें हिंदु संघाचें कर्णधारपद त्यांस देण्यांत आलें नाहीं. त्यांचे धाकटे बंधु विठ्ठल यांस तें १९२३ सालीं मिळालें. सारांश, मैदान मोकळें होतें, परंतु मैदानावर पाऊल टाकण्यापूर्वीं माणसाचा जन्म विचारला जाई.

१९३२ सालीं हिंदुस्थानचा संघ इंग्लंडांत आपला पहिला कसोटी सामना खेळावयास निघाला. महात्मा गांधी व इतर पुढारी त्या वेळीं तुरुंगांत होते. अशा समयीं खेळाच्या सफरीवर जाणें योग्य नव्हे, असें ठरवून मर्चंट यांनीं त्या दौऱ्यापासून दूर राहणें पसंत केलें. वीस वर्षांच्या फलंदाजास असा त्याग करणें सोपें नसतें. गेलेली संधि पुन्हां येईल याची हमी कोण देणार? परंतु ती आली. डिसेंबर १९३३ मध्यें मुंबईच्या जिमखान्याच्या मैदानावर हिंदुस्थानांतील पहिला कसोटी सामना झाला, त्यांत मर्चंट यांनीं पदार्पण केलें. ज्या जिमखान्याच्या मैदानावर हा सामना झाला, त्या जिमखान्याचें सभासदत्व हिंदी माणसास त्या काळीं मिळत नसे. याच दौऱ्याच्या संबंधांत एक गोड आठवण आहे. मर्चंट यांच्या भगिनी लक्ष्मी यांनीं इंग्लंडच्या खेळाडूंच्या सह्या एका वहींत घेतल्या होत्या. ती वही गांधीजींपुढें ठेवली असतां त्यांनीं पानें चाळलीं आणि त्या सोळा इंग्रज खेळाडूंच्या यादींत सतरावी सही आपली केली.

१९३६ सालीं मर्चंट इंग्लंडांत गेले. तो दौरा भांडणांमुळें गाजला. परंतु मँचेस्टरच्या सामन्यांत मर्चंट व मुश्ताक अली या सलामीच्या जोडीनें २०३ धांवांची भागीदारी केली. मर्चंट यांच्या ११४ व मुश्ताक अली यांच्या ११२. एक हिंदु व एक मुसलमान, जे घरीं धर्मावर विभागलेल्या सामन्यांत एकमेकांचे प्रतिस्पर्धी, ते परदेशांत एकाच डावाचे दोन खांब झाले.

तरीही पंचरंगी सामन्यांची शोभा कमी होती असें म्हणणें सत्यास सोडून होईल. डिसेंबर १९४३ मधील अंतिम सामना आपल्या समाजांतील वृद्धांनीं पुष्कळ वर्षें अभिमानानें सांगितला, कारण त्यांत एका बाजूस हिंदूंचे कर्णधार मर्चंट होते व दुसऱ्या बाजूस सांगलीचे ख्रिस्ती फलंदाज विजय हजारे होते. मर्चंट यांनीं नाबाद २५० धांवा करून आपल्या संघाचा डाव ५ बाद ५८१ वर सोडला. ‘रेस्ट’चा पहिला डाव १३३ वर आटोपला. दुसऱ्या डावांत ३८७ धांवा झाल्या. त्यांपैकीं एकट्या हजारे यांच्या ३०९. त्यांचे बंधु विवेक यांनीं दुसरें टोंक धरून ठेविलें. दोघांची भागीदारी ३०० धांवांची, आणि त्यांत विवेक यांच्या अवघ्या २१! ‘रेस्ट’ संघ एक डाव व ६१ धांवांनीं हरला, परंतु हरलेल्यांचें नांव जिंकणाऱ्यांइतकेंच राहिलें. त्याच हंगामांत मर्चंट यांनीं रणजी सामन्यांत महाराष्ट्राविरुद्ध नाबाद ३५९ धांवा करून या स्पर्धेस उत्तर दिलें. दोघां विजयांची ही चढाओढ कडवट कधींच झाली नाहीं.

धर्मावर उभारलेले हे सामने १९४६ च्या आरंभीं कायमचे बंद पडले. देशांतील वारे बदलले होते आणि खेळ त्यांपासून अलिप्त राहणें शक्य नव्हतें. मुंबईच्या क्रिकेटमध्यें त्यामुळें मोठी पोकळी निर्माण झाली. प्रेक्षकांची सोय रणजी सामन्यांनीं केली. पण शेंकडों लहान क्लबांचा, ज्यांचीं नांवें वर्तमानपत्रांत क्वचितच येतात त्यांचा, खेळ कशाच्या आधारानें नांदावयाचा?

याचें उत्तर मर्चंट यांस पावसानें सुचविलें. १९४६ सालीं ते उपकर्णधार म्हणून पुन्हां इंग्लंडांत गेले. तो उन्हाळा अतिशय पावसाळी होता. ओल्या खेळपट्टीवर चेंडू कधीं उसळे, कधीं जमिनीस चिकटे. मर्चंट यांनीं त्या दौऱ्यांत २,३८५ धांवा केल्या, सरासरी ७४.५३, परंतु कोरड्या व सपाट खेळपट्टीवर वाढलेल्या आपल्या पुष्कळ खेळाडूंची ओल्या जमिनीवर कशी तारांबळ उडते, हें त्यांच्या दृष्टीस पडलें. मुंबईंत तर पावसाळा आला कीं क्रिकेट पेटींत बंद होई. ज्या पावसास आपण खेळाचा शत्रु समजतों, त्यालाच शिक्षक कां करूं नये, असा विचार त्यांनीं मांडला. त्यांतून १९४८ सालीं मुंबईची पावसाळी लीग जन्मास आली, आणि तिला डॉ. होरमसजी दोराबजी कांगा यांचें नांव देण्यांत आलें. डॉ. कांगा हे पारशी वैद्य व नामांकित खेळाडू. १९११ च्या संघांतून ते इंग्लंडांत गेले होते, मुंबईच्या क्रिकेटच्या कारभारांत त्यांनीं श्रम केले होते, व १९४५ सालीं ते निवर्तले होते. पारशी डॉक्टराच्या नांवानें हिंदु खेळाडूनें सुचविलेली आणि सर्व धर्मांच्या क्लबांस खुली अशी ही लीग होती.

ती कशी चाले, हें थोडक्यांत सांगतों. जुलैपासून सप्टेंबरपर्यंत रविवारीं सामने व्हावयाचे. खेळपट्टी झांकावयाची नाहीं. पाऊस पडला तर पडला, थांबला कीं खेळ सुरू. क्लबांच्या श्रेणी लाविलेल्या असत. पुढें ‘ए’पासून ‘जी’पर्यंत सात श्रेणी झाल्या. वर्षभर चांगला खेळणारा क्लब वरच्या श्रेणींत चढे व वाईट खेळणारा खालच्या श्रेणींत उतरे. त्यामुळें शेवटल्या श्रेणींतील शेवटल्या क्लबासही वर जाण्याचा मार्ग कागदावर नव्हे तर प्रत्यक्ष खुला असे. आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल, शिवाजी पार्क येथें एका वेळीं इतके सामने चालत कीं एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या पंचाजवळ उभा दिसे. गवत घोट्यापर्यंत वाढलेलें; जोराचा फटकाही चिखलांत रुतून बसे. अशा ठिकाणीं केलेल्या चाळीस-पन्नास धांवा कोरड्या दिवसांतील शतकाच्या तोलाच्या मानल्या जात. उलट, गोलंदाजांस ही पर्वणीच होती. शिवाजी पार्कचे पद्माकर शिवलकर यांच्यासारख्या गोलंदाजांपुढें भलेभले फलंदाज आपली विद्या विसरत.

या लीगचा खरा गुण आमच्या मतें येथेंच आहे. कसोटी सामने खेळून आलेला फलंदाज आणि कचेरींतून शनिवारीं सुटलेला कारकून हे एकाच चिखलांत उभे राहत. चेंडूस माणसाची कीर्ति कळत नाहीं. नांवलौकिकाचा खेळाडू शून्यावर बाद होई आणि तंबूंत बसून एखाद्या अपरिचित मुलाच्या पंधरा धांवांस टाळ्या वाजवी. जेथें पूर्वीं जन्म विचारला जात असे, तेथें आतां केवळ क्लबाचें नांव व रविवारची वेळ विचारली जाऊं लागली. हिंदु जिमखाना, इस्लाम जिमखाना, पारशी जिमखाना हेही या लीगमध्यें इतर क्लबांसारखे क्लब म्हणून उतरले. सुनील गावसकर यांच्यासारखे खेळाडू क्लबाच्या याच शाळेंत वाढले, आणि १९८४ सालीं सचिन तेंडुलकर यांनीं अकराव्या वर्षीं जॉन ब्राइट क्लबातर्फें या लीगमध्यें पहिलें पाऊल टाकलें.

ही योजना सुचविणारा पुरुष सपाट खेळपट्टीचा राजा होता, हें विसरतां कामा नये. मर्चंट यांची प्रथम श्रेणीच्या सामन्यांतील सरासरी ७१.६४, ज्यांनीं पुष्कळ डाव खेळले अशांत ब्रॅडमन यांच्या खालोखाल तीच. रणजी सामन्यांत तर ती ९८.७५ होती. ज्या व्यवस्थेनें आपणांस मोठें केलें, तींतील उणीव दाखविणें व ती भरून काढण्याचा उपाय सुचविणें, हें सर्वांस साधत नाहीं. बहुतेक यशस्वी माणसांस आपली शिडी उत्तम वाटते.

प्रकृतीच्या तक्रारींमुळें १९४७-४८ च्या ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर कर्णधार म्हणून जाण्याचा मान त्यांस सोडावा लागला. १९५१ च्या नोव्हेंबरांत, वयाच्या चाळिसाव्या वर्षीं, दिल्लीस इंग्लंडविरुद्ध त्यांनीं १५४ धांवा केल्या. त्यांच्या कसोटी आयुष्यांतील ही सर्वांत मोठी खेळी. त्याच सामन्यांत क्षेत्ररक्षण करतांना खांद्यास दुखापत झाली आणि तोच त्यांचा शेवटचा कसोटी सामना ठरला. १८ वर्षांत अवघे १० कसोटी सामने त्यांच्या वांट्यास आले. महायुद्धानें व आजारानें उरलेले हिरावून नेले. त्याबद्दल कुरकुर करीत बसणें त्यांच्या स्वभावांत नव्हतें.

पुढें निवड समितीचे अध्यक्ष असतांना त्यांनीं तरुणांस पुढें आणण्याचें धोरण धरिलें. १९६९ सालीं एकनाथ सोलकर हे हिंदुस्थानच्या संघांत आले. त्यांचे वडील हिंदु जिमखान्याच्या मैदानाचे माळी. मैदानाच्या कडेच्या लहानशा खोलींत हें कुटुंब राही. ज्या हिंदु संघानें एके काळीं बाळूंस कर्णधारपद नाकारिलें, त्याच्याच जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा देशासाठीं खेळूं लागला, हा बदल लहान नव्हे.

जानेवारी १९७१ मध्यें त्यांच्यावर कठीण प्रसंग आला. वेस्ट इंडिजच्या दौऱ्यासाठीं कर्णधार निवडतांना समितींत मतें समसमान पडलीं. एका बाजूस पतौडीचे नवाब मन्सूर अली खान, दुसऱ्या बाजूस अजित वाडेकर. अध्यक्षांचें निर्णायक मत मर्चंट यांनीं वाडेकर यांस दिलें. १९४६ च्या दौऱ्यांत मन्सूर अली यांचे वडील कर्णधार व मर्चंट उपकर्णधार होते. त्या जुन्या गोष्टीचा हा सूड आहे, असें बोलणारेही निघाले. मर्चंट यांच्या अंतःकरणांत काय होतें हें परमेश्वरासच ठाऊक. आम्ही त्याचा निवाडा करणार नाहीं. फळ मात्र सर्वांनीं पाहिलें. त्याच वर्षीं वाडेकर यांच्या संघानें वेस्ट इंडिजमध्यें व नंतर इंग्लंडांत मालिका जिंकली, आणि १९७३ सालीं पतौडी स्वतः वाडेकर यांच्या हाताखालीं कसोटी सामने खेळले. ज्याच्या हातांत निवड असते त्याला बोल लागणारच. लहान क्लबाचा चिटणीसही हें जाणतो.

क्रिकेट हें मर्चंट यांच्या जीवनाचें अर्धेंच अंग होय. दुसरें अंग कमी प्रसिद्ध, पण अधिक तेजस्वी आहे. अंध, मूकबधिर व अपंग यांच्याविषयीं त्यांस मनापासून कळवळा होता. नुसती भिक्षा देऊन माणूस उभा राहत नाहीं, त्यास काम द्यावें लागतें, हें जाणून त्यांनीं आपल्या गिरणींत अशा लोकांस काम दिलें, इतर कारखानदारांकडे त्यांच्यासाठीं शब्द टाकला, आणि अपंगांस समान संधि मिळावी म्हणून झटणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची धुरा वाहिली. आकाशवाणीवर त्यांचा क्रिकेटचा कार्यक्रम मोठ्या आवडीनें ऐकला जाई. त्या लोकप्रियतेचा उपयोगही त्यांनीं या दुर्बलांकडे समाजाचें लक्ष वळविण्याकडे केला.

२७ ऑक्टोबर १९८७ रोजीं मुंबईंत त्यांचें देहावसान झालें. सोळा वर्षांखालील मुलांच्या राष्ट्रीय स्पर्धेस त्यांचें नांव देण्यांत आलें. हें स्मारक त्यांच्या वृत्तीस साजेसेंच आहे, कारण त्यांची दृष्टि नेहमीं पुढें येणाऱ्यांवर असे.

वाचकहो, पावसाळी लीग सुचविणारा आणि गिरणींत अंधास काम देणारा पुरुष हे दोन वेगळे पुरुष नव्हते. दोन्हीं ठिकाणीं त्यांनीं एकच गोष्ट केली: जो बाहेर उभा होता त्यासाठीं जागा केली, आणि ती जागा दयेची नव्हे तर हक्काची ठेविली. लीगमध्यें कोणास धांवा फुकट मिळत नसत; मिळे ती उभें राहण्याची पाळी. आपल्या धर्मग्रामांतही क्रिकेटचा क्लब असेल, वाचनालय असेल, गायकवृंद असेल. त्याचीं सूत्रें ज्यांच्या हातीं आहेत त्यांनीं यंदाच्या महोत्सवांत एवढेंच पाहावें, कीं आपल्या संघाच्या यादींत शेवटचें नांव कोणाचें आहे, आणि त्याची पाळी खरोखरच येते कीं नाहीं. तें नांव लिहिणाऱ्या बिनपगारी चिटणीसाचेही कोणीं तरी आभार मानावे. त्याचें काम पावसांत चालतें, म्हणून तें फारसें कोणास दिसत नाहीं.